झडप कोरडी होती

दामूदादा,

तुला जाऊन सव्वा महिना झाला आणि धाटावच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये तुझं नाव निघालं की लोक हसतात. परवा मी मागच्या बाकावर होते. पुढे दोघं फर्स्ट शिफ्टवाले बोलत होते. एक म्हणाला, "तो पाणबुड्या गेला ना, पेणच्या खाडीकडचा? मुतायला सुटाला भोक पाडलंन्, तिथनंच केमिकल आत शिरला." दुसरा म्हणाला, "म्हणजे मुतायच्या नादात गेला म्हण की." आणि दोघं हसले. माणसं वाईट नव्हती. मी चढले तेव्हा त्यांतल्याच एकाने सरकून मला वाट दिली होती. म्हणून तर राग जास्त आला.

कारण हे वाक्य त्यांचं नाही, छत्रीसाहेबाचं आहे. कारखान्यांचं पाणी खाडीत नेणारी ती पाइपलाइन, तिच्या दुरुस्तीचं कंत्राट, आणि त्या कंत्राटावरचा हा सुपरवायझर. ऊन असो पाऊस असो, जेट्टीवर काळी छत्री उघडून उभा. त्याचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही, तुम्ही पाणबुड्यांनी ठेवलेलं नाव त्याला पुरे आहे. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने चौकशीसाठी कागदावर लिहून दिलं की कामगाराने परवानगी न घेता सुटाला भोक पाडून झडप बसवली, ती गळली, त्यात आमचा काही दोष नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. ती झडप तू एकट्याने बसवली नव्हतीस, एवढंच फक्त त्याला ठाऊक नव्हतं.

म्हणून लिहायला बसले. तू किती चांगला होतास ते बाकीचे सांगतील, आणि सांगतातही. तो भाग मी सोडून देते.

खाली उतरायच्या आदल्या संध्याकाळपासून तू पाण्याचा थेंब घेत नव्हतास, हे मला कितीतरी दिवस कळलंच नव्हतं. जहाजं तोडतात तिथून आणलेला तो काळा जाड रबरी सूट, बुटांसकट एकसंध, मान आणि मनगटं रबराने आवळलेली, आत थेंब शिरू नये म्हणून, आणि तोंडावर वरून येणाऱ्या हवेच्या नळीचा मुखवटा. घालायला दोन माणसं, काढायला दोन माणसं. एकदा खाली गेलं की सांगितलेलं काम होईपर्यंत वर यायचं नाही, वर आलं की छत्रीसाहेब ओरडणार. मग करायचं काय? पाणीच प्यायचं नाही. वर्षभर असं केलंस आणि मग एका दुपारी, माझी ड्यूटी चालू असताना, रोह्याला आमच्या दवाखान्याच्या पायरीवर कंबर धरून गडाबडा लोळलास. मुतखडा. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. बाहेर येऊन तू मला म्हणालास, "तीन लिटर पिवू, पन सोडू कुठं गो सुमे?"

मला हसू आलं होतं. मग तू ते दुसरं सांगितलंस आणि हसू गेलं. एकदा खाली असताना तुला धरवलं नाही, सुटातच झाली. वर आल्यावर छत्रीसाहेबाने सगळ्यांसमोर तुला उघडा करून तो सूट धुवायला लावला आणि त्या दिवसापासून तुला मुतऱ्या म्हणायला लागला. हजेरी घेतानासुद्धा. तू चाळिशीचा माणूस, तुझी मुलगी शाळेत जाते. मी म्हटलं, "आणि तू ऐकून घेतलंस?" तू म्हणालास, "सोड गो. त्याच्या तोंडाला कोन लागनार."

सोड गो. आपलं अर्धं आयुष्य तुझ्या या दोन शब्दांवर भांडण्यात गेलं. मिठागरावर मुकादमाने आपल्या आयला ढकललं तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. मी नाही सोडत, मी कधीच सोडलं नाही, आणि घरात त्यावरून मला डूख धरणारी म्हणतात. असू दे.

झडपेची गोष्ट तूच काढलीस. मुंबईला गोदीत एका परदेशी पाणबुड्याच्या सुटाला मांडीवर तू ती पाहिली होतीस. आतून नळी येते, मांडीवर झडप, पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. तू हे सांगत होतास ते खिडकीकडे बघत, मी ऐकत होते ते तांदूळ निवडत. भाऊ-बहिणीने बोलायची गोष्ट आहे का ती? पण नळीबद्दल मला सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे म्हाताऱ्या पेशंटना आम्ही रोज तेच करतो. निरोधच्या टोकाला नळी, वर चिकटपट्टी, खाली पिशवी. मी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्यासमोर ठेवलं आणि चहा करायला आत गेले. बाहेर आले तर तू ते पुडकं पँटच्या खिशात कोंबून टाकलं होतंस आणि कान लाल झाले होते तुझे.

झडपेसाठी तू आयचा जुना स्टोव्ह मोडलास. स्टोव्हच्या पंपाच्या तळाशी एक पितळी झडप असते, हवा आत सोडते, परत येऊ देत नाही. तिची स्प्रिंग फार कडक, लघवीचा जोर तिला पुरणार नाही, म्हणून तू माझ्या बॉलपेनातली स्प्रिंग काढून घातलीस. वर फिरकीचं पितळी टोपण. वाटलं की उघडायचं, झालं की घट्ट बंद. पेणला रामवाडीजवळ एका मूर्तीच्या कारखान्यात गणपतीचे साचे ज्या पातळ रबराचे करतात ते डबाभर आणलंस, पंक्चरवाल्याकडून सोल्यूशन आणि ट्यूबचे तुकडे, चपला शिवणाऱ्याकडून भोकं पाडायचा पंच. एका रविवारी माझ्या रोह्याच्या खोलीत आपण दार लावून बसलो.

आणि चूक मी केली. भोक कुठे पाडायचं ते सूट अंगात असताना, बसून बघायला हवं. ते तुलाही ठाऊक होतं, मला तर ठाऊक असायलाच हवं होतं. पण तू सूट घालायचा, मी तुझ्या मांडीवर खडूने खूण करायची, हे दोघांनाही कसंसं वाटलं. मी म्हटलं, "कशाला, पसरून ठेव, मी मापाने खूण करते, ब्लाऊज नाही का बेततात." सूट जमिनीवर पसरला, खूण केली, तू पंच ठोकलास. नंतर तो घालून तू उकिडवा बसलास तर भोक नेमकं जांघेच्या घडीत. तिथे झडप बसली असती तर प्रत्येक वाकण्याला रबर ओढलं गेलं असतं. मी स्वतःलाच दोन शिव्या दिल्या. मग ते भोक आतून-बाहेरून ठिगळ लावून बुजवलं, आणि तू सूट घालून खुर्चीवर बसलास, तोंड भिंतीकडे केलंस, आणि मी वरच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, पांढऱ्या खडूने फुली मारली. तू म्हणालास, "झाली काय गो?" मी म्हटलं, "झाली." एवढंच. दुसऱ्या भोकात झडप बसली, आतून वॉशर, बाहेरून नट, भोवती साच्याचं रबर. मग आपण सूट हवेने फुगवला आणि साबणाचा फेस लावून बघितलं. एक बुडबुडा आला नाही. ना झडपेपाशी, ना ठिगळापाशी.

झडप लावून उतरलास त्या पहिल्या दिवशी तू जेट्टीवरून सरळ माझ्या दवाखान्यात आलास. वॉर्डच्या दारात उभा राहून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलास आणि मिशा पुसत म्हणालास, "राजासारखं वाटला, सुमे." लग्नात, बारशाला, कशातच मी तुला इतकं खूश पाहिलं नव्हतं. दादा, त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहिले. नर्स झाल्यापासून मी शेकडो लोकांच्या उपयोगी पडले असेन, पण माझ्या माणसाच्या उपयोगी पडले ती त्या दिवशी.

मग छत्रीसाहेबाला कळलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "छान, आता वर यायचं कारणच उरलं नाही." पूर्वी तीन तासांनी तरी वर काढायचा, आता पाच-पाच तास ठेवायला लागला. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी म्हटलं, चल, मी येते जेट्टीवर, मी बोलते. तू म्हणालास, "सोड गो. बाईमानसानं यायची जागा नाय ती." सुटाच्या मानेचं रबर चिरलं होतं तेही तू तेव्हाच सांगितलंस. साच्याच्या रबराचं नवीन करून देतो, एक दिवस सुकायला लागेल, असं तू त्याला म्हणाला होतास. त्याने एक दिवस दिला नाही. चिकटपट्टी दिली.

मी तेव्हा आले असते तर? या प्रश्नावर मी तुझ्याशी रोज भांडते.

त्या दिवशीचं मला कमळाकरने सांगितलं. तुझी दोरी धरणारा तुझा जोडीदार. तो खोटं बोलायचा नाही, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. पाइपचा जोड सुटला आणि कारखान्याचं पाणी खाडीत मिसळायच्या आधीच तुझ्या अंगावर आलं. तू दोरीला चार झटके दिलेस. चार म्हणजे वर ओढ. कमळाकर ओढायला लागला तर छत्रीसाहेब म्हणाला, "थांब. मुतायची सोय आहे त्याची. काम टाळतोय. बोल्ट होऊ दे." तू परत चार झटके दिलेस. परत त्याने थांबवलं. तिसऱ्या वेळी कमळाकरने त्याचं ऐकलं नाही.

मी तुझी आठ दिवस शुश्रूषा केली. तुला आणलं तेव्हा अंगाला कार्बोलिकसारखा उग्र वास येत होता. कपडे कापून मी तुला डोक्यापासून पायापर्यंत धुतलं, दोनदा धुतलं, आणि त्या वेळी मला कसली लाज वाटली नाही. भाजल्याचे पांढरे चट्टे मानेपासून सुरू होत होते. मान, खांदे, पाठ, छाती. कंबरेखाली कमी कमी होत गेलेले. उजवी मांडी, जिथे मी फुली मारली होती ती, स्वच्छ होती. झडपेचं टोपण घट्ट बंद होतं, ते कमळाकरने सूट काढताना बघितलं. मी हे केसपेपरवर लिहिलं आणि डॉक्टरांनी खाली सही केली. नंतर कमळाकरने जपून आणून दिलेल्या त्या सुटाला मी परत फेस लावून बघितला. झडप कोरडी, ठिगळ कोरडं. मानेपाशी मात्र फेसाचे बुडबुडे थांबेनात.

पण ते विष तुझ्या कातडीतून आत गेलं आणि मूत्रपिंडावर बसलं. मी तुला नळी घातली. पलंगाला पिशवी लावली. आठ दिवस मी त्या पिशवीकडे बघत होते. पहिल्या दिवशी तळाला काळपट थोडंसं आलं, नंतर तेवढंही नाही. आय विचारायची, "उतरतंय काय गो?" मी म्हणायचे, येईल. शुद्धीत होतास त्या दिवशी तू मला विचारलंस, "झडपेचं कायतरी झाला काय?" मी म्हटलं, नाही रे, झडप चांगली आहे. तू मान हलवलीस. तुझा विश्वास बसला की नाही, ते मला कळलं नाही. तू माझं मन राखायला मान हलवली असशील, तू तसलाच. हेच मला सहन होत नाही, दादा. सुमनने मापलेल्या भोकापायी आपण मरतोय असं वाटत तू गेला असशील तर?

आता कालचं सांगते. तुला आवडणार नाही.

काल अकराच्या सुमाराला छत्रीसाहेबाला रिक्षातून आमच्याकडे आणलं. लघवी तुंबली होती. या वयात पुरुषांना होतं तसं, ग्रंथी वाढलेली. ओटीपोट ढोलकीसारखं ताठ. बरोबर बायको होती, बिचारी घाबरलेली. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, त्यांनी आतून निरोप पाठवला, सिस्टर, नळी घाला. म्हणजे सगळं माझ्या हातात. त्याने मला ओळखलं नाही. तुझ्या दिवसांत मला त्याने डोक्यावर पदर घेतलेली, एकदाच, लांबून बघितली होती. मी पांढऱ्या साडीत, तोंडाला मास्क. तो म्हणाला, "सिस्टर, लवकर करा हो. पहाटेपासून उतरत नाहीये. मरतो मी." अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी गाढव व्हायला तयार होते.

ट्रे तयार होता. नळी, जेली, हातमोजे, सगळं. मी तो झाकून ठेवला आणि वॉर्डात गेले. तिघांचं बीपी घेतलं. एका बाईचं सलाइन बदललं, ज्याला अजून वेळ होता. औषधाचं कपाट लावलं, जे लावलेलंच होतं. तो ओरडत होता, ते ऐकू येत होतं. अर्धा तास. हे पत्र कोणाच्या हाती लागलं तर माझी नोकरी जाईल, आणि जायलाच हवी, नर्सने असं करू नये हे मला कोणी शिकवायला नको. तरी लिहिते. तुझ्यापासून काय लपवू?

मग मी पडदा ओढला आणि विचारलं, "गळ्याचं रबर फाटलंय हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही?"

"कसलं रबर? सिस्टर, आधी..."

"दामूच्या सुटाचं."

तेव्हा त्याने माझ्या डोळ्यांकडे बघितलं. "तुम्ही..."

"बहीण. ठाऊक होतं का?"

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, ते खरं आहे. "होतं," तो म्हणाला. "होतं ठाऊक. काम एक दिवस बंद पडलं असतं, मला वरून बोलणी बसली असती. पाया पडतो, बाई."

"चार झटके कशाचे ते ठाऊक होतं?"

"होतं. मला वाटलं टाळतोय. त्याची सोय होती ना..."

एवढं मला पुरे झालं. मी हातमोजे घातले. मुद्दाम दुखवावं असा विचार मनात आला होता, नाही आला असं म्हणणार नाही. पण हात नीट चालला. नळी गेली आणि पिशवी भरायला लागली. भसाभसा भरत होती, दादा. तुझ्या पिशवीत आठ दिवसांत आलं नाही तेवढं त्याच्या पिशवीत पाच मिनिटांत आलं. स्वच्छ, पिवळं. मी उभी राहून बघत होते. त्याला मी आधीही शाप दिले होते, पण जसा द्वेष मला त्या पाच मिनिटांत वाटला तसा कधीच वाटला नव्हता. त्याचं सगळं चालू होतं.

जरा मोकळं वाटल्यावर त्याचं तोंडही मोकळं झालं. म्हणाला, "दुखत होतं म्हणून काहीतरी बोललो. भोक त्यानेच पाडलं होतं, ते तर खरं आहे ना?"

मी म्हटलं, "भोक मी मापलं. झडप आम्ही दोघांनी बसवली. आणि ती कोरडी होती."

पडद्याआड त्याची बायको होती, हे तो विसरला होता. मी विसरले नव्हते. ती आत आली. तुझ्या दिवसांत ती आपल्या घरी येऊन गेली होती, नारळ घेऊन, आणि आयच्या गळ्यात पडून रडली होती. तिला त्याने सांगितलं होतं की तू दारू पिऊन खाली उतरला होतास. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग मला म्हणाली, "चौकशी कधी आहे?"

"सोमवारी."

"मी येईन," ती म्हणाली. त्याने तिचा हात धरायला बघितलं, तिने पदर सावरण्याचं निमित्त करून तो बाजूला घेतला.

ती येते की नाही, कोण जाणे. नवरा-बायकोचं रात्रीत काय ठरतं ते सांगता येत नाही. पण मी जाणार आहे. सूट घेऊन, केसपेपर घेऊन, साबणाची बादली घेऊन. कमळाकर आणि बाकीचे चौघे पाणबुडे येतो म्हणालेत, तोपर्यंत कोणी खाली उतरत नाहीये. तुझं नाव निघालं की बसमध्ये जे हसू येतं, ते त्या चौकशीच्या टेबलावर मला पुसून हवं आहे. माफी नको. माफी मिळाली की मग सोडून द्यावं लागतं, आणि मला सोडायचं नाही. तुला माझं हे पटणार नाही, माहीत आहे. राग यायचा तर येऊ दे.

डॉक्टरांनी त्याला संध्याकाळी नळीसकट घरी सोडलं. चौकशी सोमवारी आहे. आणि त्यानंतरच्या गुरुवारी नळी काढायला त्याला परत यायचंय. गुरुवारी ड्यूटीला मी आहे.

तुझी,
सुमन